घर घेतलं, पुढे काय?

उत्तर लंडनमधल्या प्रिमरोज हिल या टेकडीजवळ किंग हेन्रीज रोड नावाचा रस्ता आहे. इथली जमीन पूर्वी ईटन कॉलेजच्या मालकीची. राजा सहावा हेन्री हा त्या कॉलेजचा संस्थापक, म्हणून रस्त्याला त्याचं नाव. एकोणिसाव्या शतकात या भागात तोंडाला अरुंद आणि उंचीला जास्त अशी घरं ओळीने उभी राहिली. मधोमध जिना आणि मजल्यामजल्यावर मोजक्या खोल्या, असा त्यांचा थाट. पुढे यातल्या बऱ्याच घरांत एकेक खोली भाड्याने द्यायची पद्धत पडली आणि जगभरातून शिकायला आलेली मुलं तिथे राहू लागली. २०१४ मध्ये या रस्त्यावरचं १० नंबरचं चार मजली घर विक्रीला निघालं. क्षेत्रफळ सुमारे दोन हजार चौरस फूट. दलालाला जाहिरातीत लिहायला आवडतं ते सगळं तिथे होतं: शांत वस्ती, झाडी, टेकडीवरून दिसणारं शहर. आणखी एक गोष्ट होती, तिचा भाव दलालाला लावता येत नव्हता. १९२१-२२ मध्ये इथे भीमराव रामजी आंबेडकर हा विद्यार्थी राहिला होता. ब्रिटनमधल्या आंबेडकरी संघटनांनी ही विक्रीची बातमी महाराष्ट्र सरकारच्या कानावर घातली. चर्चा, फायली, मधेच झालेला सत्ताबदल, हे सगळं होऊन २०१५ मध्ये राज्य सरकारने ते घर ३१ लाख पौंडांच्या आसपास विकत घेतलं. तेव्हाच्या दराने ही रक्कम तीस कोटी रुपयांच्या वर जाते. १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं.

ही हकीकत इथे थांबली असती तर दिवाळी अंकात तिच्यावर लिहायचं कारण नव्हतं. अडचण पुढे आली. इंग्लंडमध्ये घराचा वापर बदलायचा तर स्थानिक कौन्सिलची परवानगी लागते. राहतं घर हा एक वर्ग, संग्रहालय हा दुसरा. सरकारने घर घेतलं, सजवलं, लोकांना खुलं केलं, आणि वापर बदलण्याचा अर्ज मात्र मागाहून गेला. शेजाऱ्यांनी तक्रार केली. बसभर माणसं येतात, फोटो काढतात, आवाज होतो, असं त्यांचं म्हणणं. ऑक्टोबर २०१८ मध्ये कॅम्डेन कौन्सिलने परवानगी नाकारली. घरांची टंचाई असलेल्या भागात राहण्याची जागा कमी होते, हे त्यांचं मुख्य कारण होतं. महाराष्ट्र सरकार अपिलात गेलं, सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर सुनावणी झाली, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे गृहनिर्माण मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी संग्रहालयाला मान्यता दिली. घराचं ऐतिहासिक महत्त्व आणि त्यातून लोकांना होणारा लाभ यांचं पारडं त्यांना जड वाटलं. खरेदीपासून कायदेशीर मान्यतेपर्यंत साडेचार वर्षं गेली. घर विकत घेणं हा यातला सोपा भाग होता. त्याचं करायचं काय, हे आधी न ठरवल्याची किंमत नंतर वकिलांच्या फीत मोजावी लागली.

या लेखाचं म्हणणं एवढंच आहे की विक्रीला निघालेलं ऐतिहासिक घर समाजाने जरूर घ्यावं, पण वापर ठरवल्याशिवाय घेऊ नये; आणि तो वापर ठरवताना त्या घरात मुळात काय घडत होतं, हे पाहावं. किंग हेन्रीज रोडवरच्या घरात एक विद्यार्थी अभ्यास करत होता. तेव्हा त्या घराला आज सर्वांत शोभणारा वापर म्हणजे विद्यार्थ्यांनी तिथे राहून अभ्यास करणं. हे भावनेच्या भरात केलेलं विधान वाटेल. पण त्यामागे कायदा आणि हिशेब दोन्ही आहेत आणि सोलापूर जिल्ह्यातल्या मंद्रूपसारख्या गावाशी त्याचा थेट संबंध आहे.

आधी पहिला आक्षेप घेऊ, कारण तो नेहमी पुढे येतो. बाबासाहेब तिथे वर्षभराचे भाडेकरू होते, घर त्यांचं नव्हतं; भाड्याच्या खोलीचं एवढं कौतुक कशाला? याचं उत्तर त्या वर्षाच्या हिशेबात आहे. बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं होतं. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले, आणि जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. निघण्याच्या सहाच महिने आधी त्यांचं ‘मूकनायक’ सुरू झालं होतं. म्हणजे मागे वृत्तपत्र, घरी बायकामुलं, डोक्यावर कर्ज, आणि पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन. धनंजय कीरांनी या मुक्कामाचं वर्णन केलं आहे: सकाळी पावाचा तुकडा, जॅम आणि कपभर बोव्हरिल, दिवसभर ग्रंथालय, आणि रात्री भूक लागली तर मित्राकडून मिळालेले पापड भाजून खायचे. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सादर झाला. परीक्षकांच्या सूचनेवरून त्यात फेरफार करावे लागले, आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. त्याच वर्षाअखेर तो प्रबंध पुस्तकरूपाने निघाला, प्रस्तावना त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांची. पुढे दोनेक वर्षांत हिल्टन यंग आयोगापुढे चलनाबद्दल साक्ष देताना बाबासाहेबांच्या हाताशी याच अभ्यासाचं भांडवल होतं. मालकी हक्काने राहिलेल्या किती घरांत एका वर्षात इतकं घडतं? उताऱ्यावर नाव कोणाचं होतं यापेक्षा टेबलावर काय लिहिलं गेलं, हे इतिहासाच्या दृष्टीने मोठं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लंडनला घरं विकत न घेताही इतिहास जपण्याची एक जुनी रीत आहे. १८६६ पासून तिथे थोर माणसं राहिलेल्या घरांवर गोल पाट्या लावल्या जातात. मराठी माणसाला जवळची अशी दोन घरं त्यात आहेत. व्हॅलेंटाइन चिरोलविरुद्धच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी लोकमान्य टिळक लंडनला गेले तेव्हा मेडा व्हेल भागातल्या १० हाउली प्लेस इथे १९१८-१९ मध्ये राहिले. त्या घरावर १९६१ मध्ये पाटी लागली. श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ मध्ये हायगेटच्या ६५ क्रॉमवेल अॅव्हेन्यूवर ‘इंडिया हाउस’ हे विद्यार्थी वसतिगृह सुरू केलं. सावरकर १९०६ मध्ये तिथे राहायला आले, आणि १९८५ मध्ये त्यांच्या नावाची पाटी त्या घरावर लागली. या घरांत आज इतर माणसं राहतात, त्यांची मुलं शाळेत जातात, खालून जाणारा मराठी पर्यटक फोटो काढतो आणि पुढे जातो. सरकारचा एक रुपया अडकलेला नाही, शेजाऱ्यांची कटकट नाही. मग आंबेडकरांच्या घरासाठीच तीस कोटी का?

या युक्तिवादात तथ्य आहे, आणि बऱ्याच घरांना पाटी पुरते हे मान्य करायला हवं. पण पाटी मालकाच्या संमतीवर लागते आणि तिने इमारतीला कायद्याचं संरक्षण मिळत नाही. मालक सज्जन असेपर्यंतच ती व्यवस्था टिकते. शिवाय पाटीने घराला भेट देता येते, घरात शिरता येत नाही. टिळक आणि सावरकर यांच्या मागे स्मारकं उभारणाऱ्या संस्था, वाडे, न्यास भारतात पिढ्यान् पिढ्या उभे होते. ज्या समाजाला शतकानुशतकं दुसऱ्याच्या दारात उभं राहायला सांगितलं गेलं, त्याने लंडनमधल्या त्या घराच्या दाराबाहेरच उभं राहून पाटी वाचावी, असं सुचवणं मला तरी प्रशस्त वाटत नाही. खरेदी योग्यच होती. चूक झाली ती खरेदीनंतर.

न घेतल्यावर काय होतं, याचा पुरावा दिल्लीत आहे. १९५१ मध्ये मंत्रिपद सोडल्यावर बाबासाहेब २६ अलीपूर रोडवर राहायला गेले. बंगला सिरोहीच्या संस्थानिकांचा. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ त्यांनी तिथे लिहिला, आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. त्यानंतर तो बंगला विकला गेला आणि पाडला गेला. २००३ मध्ये जागा केंद्र सरकारकडे आली, आणि १३ एप्रिल २०१८ रोजी तिथे सुमारे शंभर कोटी खर्चून उघड्या पुस्तकाच्या आकाराचं स्मारक खुलं झालं. वास्तू देखणी आहे. पण ज्या खोलीत शेवटची पानं तपासली गेली, ती खोली शंभर कोटींनी परत येत नाही. पुण्यात बुधवार पेठेतल्या भिडे वाड्याचं त्याहून वाईट झालं. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये मुलींची शाळा जिथे सुरू केली, तो वाडा महापालिकेच्या ताब्यात यायला भाडेकरूंशी वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चालले. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो प्रश्न संपवला, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला एका रात्रीत वाडा जमीनदोस्त केला गेला. कशासाठी, तर स्मारक बांधण्यासाठी! वाडा तोवर इतका खिळखिळा झाला होता की दुसरा इलाज उरला नव्हता, असं म्हणतात, आणि ते खरंही असेल. पण खिळखिळा होईपर्यंत थांबणं हाही एक निर्णयच होता. दिल्ली आणि पुणे मिळून एकच गोष्ट सांगतात: घर बाजारात आलं आणि अजून धड उभं आहे, तेवढ्यात घेतलं तर ते स्वस्तात पडतं. नंतर पैसा जास्त जातो आणि हाती नवी इमारत येते.

आता वापराकडे येऊ. लंडनच्या घरात आज मांडून ठेवलेला पलंग, टेबल, पुस्तकं आणि भिंतींवर छायाचित्रं आहेत. लोक श्रद्धेने येतात, हात जोडतात. त्याला कमी लेखण्याचा हेतू नाही. पण चार मजल्यांचं घर फक्त बघण्यासाठी ठेवणं, आणि तेही घरटंचाईच्या शहरात, ही उधळपट्टी आहे. कॅम्डेनच्या शेजाऱ्यांचा आक्षेप कितीही चिडखोर वाटला तरी त्याच्या तळाशी हा मुद्दा होता आणि तो खोटा नव्हता. इंग्लंडच्या नियोजन कायद्यात राहतं घर आणि सहा जणांपर्यंतचं सामायिक घर हे एकमेकांना इतके जवळचे वर्ग मानले आहेत की सर्वसाधारण नियमाप्रमाणे एकातून दुसऱ्यात जायला वेगळी परवानगी लागत नाही. सरकारने २०१५ मध्येच वरच्या मजल्यांवर पाच-सहा विद्यार्थ्यांची राहण्याची सोय केली असती आणि खालच्या खोलीपुरतं दालन मागितलं असतं, तर राहण्याची जागा गेली, ही तक्रार बऱ्याच अंशी जागच्या जागी विरली असती. दालनासाठी अर्ज करावा लागला असता, तो वेळेवर करता आला असता.

खाली दालन आणि वर राहती माणसं, ही कल्पना काही हवेतली नाही. दादरच्या हिंदू कॉलनीत, झाडांच्या सावलीतल्या तशाच शांत गल्लीत, बाबासाहेबांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेलं ‘राजगृह’ नेमकं असंच चालतं. तळमजल्यावर संग्रहालय, वर कुटुंब. जुलै २०२० मध्ये तिथे तोडफोड झाली तेव्हा महाराष्ट्राला धक्का बसला, कारण ते रिकामं स्मारक नव्हतं, कोणाचं तरी घर होतं. राजगृह मुळात पुस्तकांसाठी बांधलं गेलं. पन्नास हजारांच्या घरात ग्रंथ तिथे होते. बाबासाहेबांची मुंबईत दुसरी इमारतही होती, ‘चार मिनार’. ती त्यांनी १९४१ मध्ये विकून टाकली, पुस्तकं घेता यावीत म्हणून. ज्या माणसाने स्वतःची वास्तू ग्रंथांसाठी विकली, त्याच्या नावाने घेतलेल्या वास्तूत ग्रंथ वाचणारं कोणी राहत नाही, हे विसंगत आहे. त्यांना विचारलं असतं तर खोलीला कुलूप लावून पाहायला तिकीट ठेवा, असं ते म्हणाले असते असं कोणाला वाटतं का?

यावर व्यवस्थापनाचा आक्षेप येतो. विद्यार्थी आले की स्वयंपाक आला, पाहुणे आले, भांडणं आली. रोज दर्शनाला येणाऱ्यांची आणि परीक्षेला बसलेल्या मुलांची सांगड कशी घालायची? अडचण खरी आहे, पण वसतिगृह चालवण्याचा महाराष्ट्राचा अनुभव शंभर वर्षांहून जुना आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली, कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली, आणि आजही सामाजिक न्याय विभाग शेकडो वसतिगृहं चालवतो. त्यांतल्या कित्येकांची अवस्था बरी नाही, हेही खरं. तरी पाच-सहा खोल्यांचं एक घर नीट चालवणं जमत नाही असं सरकारने म्हणावं, तर मग ते घेतलं कशाला? राज्यातर्फे अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांना दर वर्षी परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळते. तिला नाव आहे राजर्षी शाहू महाराजांचं, ज्यांच्या मदतीने १९२० ची ती बोट पकडली गेली होती. या मुलांपैकी जे लंडनला जातात त्यांची पहिली झोंबाझोंबी भाड्याच्या खोलीशी असते. एका हाताने शिष्यवृत्ती द्यायची, दुसऱ्या हाताने लंडनमध्येच चार मजली घर ठेवायचं, आणि दोन्ही हातांची गाठ पडू द्यायची नाही, हा प्रकार फक्त सरकारी फायलींतच शक्य आहे.

खर्चाचा आक्षेप उरला. तीस कोटींत गावाकडे किती शाळाखोल्या झाल्या असत्या? प्रश्न सोलापूर जिल्ह्यात विचारला तर त्याला धार येते. मंद्रूप ज्या दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या वळसंगला दलित वस्तीने कष्ट करून पाडलेली विहीर आहे. १९३७ मध्ये बाबासाहेबांच्या हस्ते ती खुली झाली. लंडनचं घर आणि वळसंगची विहीर यांच्यात निवड करायची वेळ आली तर मी डोळे मिटून विहिरीकडे जाईन. पण अशी निवड करायची वेळ कोणी आणली नव्हती. लंडनचं घर खुलं झालं त्याच्या महिनाभर आधी, ऑक्टोबर २०१५ मध्ये, मुंबईत इंदू मिलच्या साडेबारा एकर जागेवर स्मारकाचं भूमिपूजन झालं. त्याचा अंदाजित खर्च पुढे हजार कोटींच्या घरात गेला. त्या आकड्याशेजारी तीस कोटी ठेवले की पैशाचा प्रश्न कुठे विचारायला हवा, हे कळतं. भव्य पुतळ्याला जमतो तेवढा पैसा जुन्या घराला किंवा विहिरीला का जमत नाही? कारण पुतळा नवा असतो, त्याचं भूमिपूजन होतं, कोनशिला बसते. डागडुजीला कोनशिला बसत नाही.

आणि इथे मंद्रूपचा विषय येतो. सोलापूर-विजयपूर रस्त्यावरचं, सीना आणि भीमेच्या खोऱ्यातलं, मराठी-कन्नड दोन्ही कानावर पडणारं हे मोठं गाव. महामार्ग चौपदरी झाला आणि रस्त्याकडेच्या जागेला भाव आला. या पट्ट्यातली जुनी घरं एका ठरावीक घडणीची: दिंडी दरवाजातून आत शिरलं की ढेलज, मग उघडा चौक, चौकाभोवती सोपा, भिंतीच्या पोटात धान्याचं बळद, अंगणात पेव. वर माळवद. सागवानी तुळया, त्यांवर आडवे सर, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, आणि त्यांवर हात-दीड हात जाडीचा पांढऱ्या मातीचा थर. सोलापुरात पारा चाळिशीच्या पुढे जातो तेव्हाही आत गारवा राहतो तो या मातीमुळे. पावसाळ्याआधी माळवदावर माती टाकून ती चोपायची, गवत उपटायचं, पन्हाळी मोकळ्या करायच्या. दोन वर्षं हे चुकलं की तुळईचं टोक कुजायला सुरुवात होते. असा वाडा विक्रीला निघतो तेव्हा तो क्वचितच अखंड विकला जातो. भावकीत वाटण्या झालेल्या असतात, एक भाऊ पुण्यात, दुसरा सोलापुरात, बहिणींची हक्कसोड बाकी. मग सागवान एकाला जातं, घडीव दगड दुसऱ्याला, आणि मोकळी झालेली जागा तिसऱ्याला. कोरीव खांब पुण्यामुंबईच्या हॉटेलात शोभेला उभे राहतात. २०२० नंतर स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन घरांना मालमत्तापत्रकं मिळू लागली. हे चांगलंच झालं, कारण त्याने गरिबाच्या घरालाही कागद आला. पण त्या पत्रकावर लांबी, रुंदी आणि धारकाचं नाव असतं. आत ढेलज आहे की मोडका गोठा, याची नोंद त्यात नाही. कागद स्वच्छ झाला की सौदाही लवकर होतो.

वाडे वाचवा म्हटलं की दोन आक्षेप लगेच येतात, आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं मेली, ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाची जड छतं अंगावर कोसळून. त्या पहाटेपासून शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातही माळवद म्हणजे धोका, असं समीकरण मनात बसलं, आणि पत्रे व स्लॅब आले. ही भीती खोटी नाही. पण इलाज ठाऊक आहे: छतावरचा मातीचा थर हलका करणं, भिंतीच्या दोन पदरांना बांधणारे लांब दगड घालणं, तुळयांच्या पातळीवर भोवती पट्टा देणं. भूकंपानंतरच्या पुनर्वसनात अशा मजबुतीकरणाचे प्रयोग मराठवाड्यात झाले होते. धोकादायक घर पाडायलाच हवं. पण दुरुस्तीचा अंदाज न काढता पाडलेल्या प्रत्येक घराचं खापर किल्लारीवर फोडता येणार नाही.

दुसरा आक्षेप जातीचा, आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. गावातला वाडा कोणाचा? पाटलाचा, देशमुखाचा, कुलकर्ण्याचा, सावकाराचा. ज्यांच्या आजोबांना त्या ढेलजेच्या पलीकडे पाऊल टाकता येत नव्हतं, त्यांनी वाडा पडला म्हणून हळहळावं का? हळहळू नये. पण त्या वाड्याच्या फडताळात आणि कपाटात जे कागद असतात, ते गावाचे आहेत. बलुत्याचे हिशेब, वेठीच्या याद्या, कर्जरोखे, गहाणखतं, महार वतनाच्या जमिनींच्या नोंदी. या वतनाच्या जोखडातून सुटका व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं होतं. कनिष्ठ वतनं कायद्याने संपायला १९५८ उजाडावं लागलं. त्या तीस वर्षांत गावात काय चाललं होतं, याचा पुरावा पुण्यामुंबईच्या अभिलेखागारात जेवढा आहे तेवढाच या कपाटांत असतो. वाडा पाडताना तो रद्दीत जातो आणि अन्यायाचा दस्तऐवज नाहीसा होतो. वाडा जपण्याचं खानदानी कारण मला पटत नाही. हे कारण पटतं.

सोलापूर शहराने एकदा हे बऱ्यापैकी करून दाखवलं आहे. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातले डॉ. द्वारकानाथ कोटणीस मूळचे सोलापूरचे, १० ऑक्टोबर १९१० चा जन्म. १९४२ मध्ये चीनमध्येच, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचं निधन झालं. भैया चौकातलं त्यांचं घर महापालिकेने स्मारक म्हणून जपलं आणि चिनी पाहुणे सोलापुरात आले की तिथे जातात. घर पाडून पुतळा बसवणं सोपं होतं, ते झालं नाही, याबद्दल महापालिकेचं कौतुक करायला हरकत नाही. पण तिथेही तोच प्रश्न लागू पडतो. कोटणीस डॉक्टर होते. त्यांच्या घरात आठवड्यातून एकदा मोफत तपासणी होणं हे त्यांच्या तसबिरीला घातलेल्या हारापेक्षा जास्त योग्य स्मरण आहे.

मंद्रूपसारख्या गावाला तीस कोटी नकोत. गावातली पोरं स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी सोलापूरला, पुण्याला भाड्याच्या खोल्या घेतात, कारण गावात रात्री दहानंतर शांतपणे बसायला जागा नाही. मोडकळीला न आलेला एखादा वाडा ग्रामपंचायतीने भाड्याने घेतला किंवा देणगीच्या मदतीने विकत घेतला, सोप्यात अभ्यासिका केली, ढेलजेत वाचनालय बसवलं आणि आतल्या खोलीत गावाचे जुने कागद ठेवले, तर त्या वास्तूचा उपयोग पहिल्यांदाच सगळ्या गावाला होईल. मालकाच्या नातवालाही तिथे बसता येईल आणि वेशीबाहेरच्या वस्तीतल्या मुलीलाही. घराच्या विक्रीत भावकीला पैसे मिळायलाच हवेत. फुकटात वारसा मागणं हा दुसऱ्याच्या खिशातून केलेला दानधर्म झाला. म्हणून आधी वापर ठरवा, मग रक्कम ठरवा, मग खरेदीखताला जा.

सामाजिक न्याय विभागाकडे मागणी एकच: किंग हेन्रीज रोडच्या वरच्या मजल्यांवर शाहू महाराज शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्यांना राहू द्या, आणि त्यासाठी लागणारा अर्ज या वेळी वेळेवर करा. आणि हा अंक हाती घेतलेल्या वाचकाला विनंती: तुमच्या गावातला जुना वाडा विकायला निघाल्याचं कानावर आलं असेल, तर सौदा होण्याआधी मालकाशी बोला, आतले कागद नीट काढून घ्या, घराची मापं आणि फोटो घ्या, आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत त्या घराच्या वापराचा ठराव लेखी मांडा.